कोयनेचं धरण, आपली सिव्हिल-मेकॅनिकलची पोरं आणि सॉफ्टवेअरमधली एक वेगळी नोकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरच्या प्रवेश पुरवणीत इंजिनिअरिंगची कुठली ब्रँच घ्यावी यावर पानभर मजकूर आला होता. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स यावर भरपूर होतं, आणि मेकॅनिकल-सिव्हिलला शेवटी दोन ओळी, त्याही 'नोकऱ्या मर्यादित' एवढंच सांगणाऱ्या. मी मूळची चिपळूण तालुक्यातली, शिकले मेकॅनिकल, आणि गेली बरीच वर्षं पुण्यात इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत डेव्हलपर आहे, सध्या महिन्यातले बरेच दिवस चिपळूणच्या घरूनच काम करते. म्हणजे मी मेकॅनिकलची पण आहे आणि सॉफ्टवेअरची पण, आणि त्या अख्ख्या पानावर माझ्यासारख्यांचं काम कुठेच नव्हतं. म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जागेअभावी कापलंत तरी चालेल, पण कोयनेचा भाग तेवढा ठेवा.

लिहायला निमित्त अजून एक झालं. आमच्या वाडीतले एक काका परवा मुलाला घेऊन आले, म्हणाले, "ताई, ह्याला कॉम्प्युटर नाय लागला, सिव्हिल लागतंय, काय करू, वर्ष थांबवू की घेऊ?" मुलगा खाली मान घालून बसलेला, जसं काही नापासच झालाय. त्याला गणित आवडतं, मेकॅनिक्सचे प्रश्न तो स्वतःहून सोडवतो, हे मला माहिती आहे कारण तो अधूनमधून माझ्याकडे अडलेलं विचारायला येतो. अशा पोराला सिव्हिल मिळाल्याचं दुःख व्हावं, आणि कोडिंगचा दरवाजा आता कायमचा बंद झाला असं त्याला वाटावं, हे मला फार खटकलं. कारण मी जिथे काम करते तिथे आम्हाला नेमकी अशीच माणसं हवी असतात आणि ती सापडत नाहीत.

आधी हे काम काय ते सांगते, कारण आमच्या आत्याला पण इतकी वर्षं वाटत होतं की मी बँकेचं ॲप बनवते. पूल, धरण, गाडीचा चासी, क्रेनचा हुक, टर्बाइनचं पातं, यातलं काहीही प्रत्यक्ष बनवायच्या आधी इंजिनिअर ते कॉम्प्युटरवर काढतो आणि मग त्यावर भार टाकून बघतो की कुठे वाकेल, कुठे तडकेल, किती हलेल. काढायचं सॉफ्टवेअर वेगळं, तपासायचं वेगळं. तपासणीत मुख्य पद्धत फायनाइट एलिमेंटची. अख्ख्या वस्तूचे छोटे छोटे तुकडे पाडायचे (एकेक तुकडा म्हणजे एलिमेंट, सगळ्यांचं मिळून जाळं म्हणजे मेश), गडग्याचा एकेक दगड सुटा करून बघावा तसे, प्रत्येक तुकड्याची साधी समीकरणं लिहायची, आणि मग सगळी जोडून लाखो समीकरणं एकदम सोडवायची. हे नाव अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या रे क्लफ यांनी १९६० साली दिलं, आणि त्याच दशकात नासाने नॅस्ट्रान नावाचा प्रोग्राम बनवून घेतला, त्याचे वंशज आजही विमानं आणि गाड्यांच्या कंपन्यांत रोज चालतात. मी ती समीकरणं सोडवणाऱ्या भागावर, म्हणजे सॉल्व्हरवर काम करते.

लोकांना वाटतं डेव्हलपर म्हणजे दिवसभर नवीन कोड लिहिणारा. आमच्याकडे लिहिण्यापेक्षा वाचणं कितीतरी जास्त. आतला गाभा फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहे, काही भाग मी जन्मायच्या आधीचा. फोरट्रान ७७ मध्ये नावाला फक्त सहा अक्षरं चालायची, म्हणून व्हेरिएबलची नावं अशी की पहिल्या दिवशी माणूस स्क्रीनकडे नुसता बघत राहतो. त्याच्याभोवती सी प्लस प्लस, त्याच्यावर पायथन. नवीन आलेली मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतात की हे सगळं पुसून नव्याने का लिहीत नाही, आणि प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर असं की त्या जुन्या कोडच्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी हाताने सोडवलेलं गणित आणि लॅबमध्ये मोडून बघितलेला नमुना आहे. ती खात्री तयार व्हायला वर्षं लागलीत. नव्याने लिहिलेला कोड दिसायला सुंदर असेल, पण त्याला ती खात्री पुन्हा शून्यापासून कमवावी लागते.

म्हणून आमच्या कामात सगळ्यात मोठी गोष्ट टेस्टिंग. रोज रात्री हजारो मॉडेलं आपोआप चालतात, सकाळी रिपोर्ट येतो, की कालच्यापेक्षा कुठल्या मॉडेलचा आकडा बदलला. बदलला असेल तर का बदलला ते कुणीतरी सांगायचं, आणि 'फरक अगदी थोडा आहे' हे उत्तर चालत नाही. ब्रिटनच्या नाफेम्स संस्थेने बेंचमार्क, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुना-प्रश्न, काढलेत, त्यातला एक लंबवर्तुळाकार पातळ पत्र्याचा आहे, त्यात एका ठरावीक बिंदूवरचा स्ट्रेस, म्हणजे आतला ताण, ९२.७ मेगापास्कल यायला पाहिजे. हा आकडा या क्षेत्रातल्या माणसाला पाठ असतो. जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर असू दे, त्याला या प्रश्नाचं हेच उत्तर द्यावं लागतं.

आता आकडा बदलतो कशाने, तर याचं कारण शाळेच्या गणिताला धक्का देणारं आहे, पण पोरांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक जसाच्या तसा ठेवू शकत नाही. ०.१ आणि ०.२ मिळवा म्हटलं तर तो ०.३०००००००००००००००४ देतो. साधारण १५-१६ अंक नीट सांभाळले जातात, पुढचं गळून जातं. त्यामुळे एकावर सोळा शून्यं एवढी मोठी संख्या घ्या, तिच्यात १ मिळवा आणि मग तीच मोठी संख्या वजा करा, उत्तर येतं शून्य. तेच आधी वजा करून मग १ मिळवा, उत्तर येतं १. बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. आणि आजकालच्या कॉम्प्युटरला अनेक कोअर असतात, बेरीज वाटून केली जाते, कोण आधी संपवेल सांगता येत नाही, त्यामुळे तेच मॉडेल तेच मशीन, पण दोनदा चालवलं तर शेवटच्या अंकात फरक.

तो शेवटचा अंक कधीकधी किती मोठा होतो याचा एक किस्सा सांगते. एका ग्राहकाकडून तक्रार आली की जुन्या व्हर्जनमध्ये आमचा खांब डावीकडे वाकत होता, नवीन व्हर्जनमध्ये उजवीकडे वाकतोय, तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय. खांब पातळ पत्र्याचा, दोन्ही बाजूंनी अगदी सारखा, वरून दाब. अशा वेळी निसर्गालाच डावं-उजवं काही नसतं, जरासा धक्का ज्या बाजूने मिळेल तिकडे तो वाकतो, आणि आमच्या प्रोग्राममध्ये तो धक्का म्हणजे पंधराव्या अंकातली गळती. नवीन व्हर्जनमध्ये बेरजेचा क्रम बदलला होता, म्हणून गळती दुसऱ्या बाजूला झाली. दोन्ही उत्तरं बरोबर होती, भार किती पेलेल तो आकडा दोन्हीकडे एकच. पण हे शोधून, सिद्ध करून, त्या इंजिनिअरला त्याच्या भाषेत समजावून सांगायला आमच्या टीमला खूप दिवस लागले, आणि ते सगळे दिवस मला सार्थकी लागले असं वाटतं कारण शेवटी तो म्हणाला की आता मी मॉडेलमध्ये मुद्दाम थोडा वाकडेपणा देऊनच तपासेन. तसंच करायचं असतं, कारण खरा खांब कधीच तंतोतंत सरळ नसतो. हे भांडण सोडवायला कोडिंग जेवढं लागलं त्याच्यापेक्षा बकलिंगचा, म्हणजे दाबाखाली खांब अचानक वाकण्याचा, धडा जास्त लागला, जो सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या प्रत्येक पोराला अभ्यासाला असतो आणि कॉम्प्युटरच्या पोराला नसतो.

या कामातली जबाबदारी काय असते हे कळायला नॉर्वेची गोष्ट प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात सांगायला हवी. स्लाइपनर ए नावाचा समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म, त्याचा काँक्रिटचा प्रचंड पाया स्टाव्हेंजरजवळच्या खाडीत पाणी भरून खाली नेऊन तपासत होते, २३ ऑगस्ट १९९१ ला त्याची भिंत फुटली आणि अख्खा पाया बुडाला. माणसं वाचली, नुकसान सत्तर कोटी डॉलरच्या घरात. सॉफ्टवेअर नावाजलेलं होतं. पण भिंती जिथे एकमेकींना मिळतात तिथे पाडलेले तुकडे इतके ओबडधोबड होते की तिथला शिअर, म्हणजे भिंत कापू पाहणारा जोर, ४७ टक्क्यांनी कमी दिसला, भिंत पातळ ठेवली गेली, सळ्या पण आत पुरेशा लांब घेतल्या नव्हत्या. नंतर तेच गणित नीट तुकडे पाडून केलं तेव्हा उत्तर आलं की ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात फुटली होती ६५ मीटरवर. म्हणजे गणिताची ताकद बघा आणि गणित निष्काळजीपणे केल्याची किंमत पण बघा, दोन्ही एकाच घटनेत.

आमच्या लायसन्सच्या कागदांवर बारीक अक्षरात असतं की निकाल बरोबर आहे की नाही हे वापरणाऱ्याने ठरवायचं. कायद्याने ते ठीक असेल. पण आमच्या टीममध्ये मी आजपर्यंत एकही माणूस बघितला नाही जो चुकीचा आकडा बाहेर जाऊ शकतो म्हटल्यावर घरी जाऊन शांत झोपला असेल. रिलीजच्या दोन दिवस आधी असा बग सापडला तर रिलीज थांबते. मॅनेजर, मार्केटिंग सगळे चिडतात, तारीख ग्राहकाला सांगितलेली असते, तरी थांबते. ज्या टीममध्ये ती थांबत नसेल तिथे मुलांनी जाऊ नये असं मी सरळ सांगेन. स्क्रीनवर येतं ते लाल-पिवळं-निळं चित्र इतकं सुंदर असतं की बघणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतोच, आणि तुकडे चुकलेले असले, सांधा चुकीचा बांधलेला असला, तरी चित्र तेवढंच सुंदर येतं. त्यामुळे आम्ही जे वॉर्निंगचे मेसेज लिहितो, 'हा तुकडा फार तिरका आहे', 'इथे आधार कमी पडतोय', त्या एका ओळीच्या मेसेजवर आमच्याकडे तासतास चर्चा होते, की वाचणाऱ्याला ते कळेल का, तो ते वाचल्याशिवाय पुढे जाईल का.

आता कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या सुमाराला झालेला भूकंप आमच्या तालुक्यातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारा, पोफळी-अलोऱ्याकडच्यांना तर विचाराच, घरातून अंगणात कसे पळालो ते अजून सांगतात. वर घाटमाथ्यावर कोयनानगरला माणसं गेली, घरं पडली. धरण १०३ मीटर उंच काँक्रिटचं. ते फुटलं नाही, पण भिंतीच्या वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे आडव्या चिरा पडल्या. फुटलं असतं तर काय झालं असतं हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. आपल्या बाजूला त्याच धरणाचं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरतं, वीज करून वाशिष्ठीला मिळतं. त्या पाण्यावर आपल्या नदीला उन्हाळ्यात पण धार असते, म्हणजे धरण आपल्यापासून सह्याद्रीपलीकडे असलं तरी ते आपलं आहे.

जगाच्या दृष्टीने वेगळी गोष्ट ही, की धरणाच्या आतच भूकंपाचा धक्का नोंदवणारं यंत्र बसवलेलं होतं आणि त्याने तो धक्का नोंदवला. डिझाइन करताना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे भूकंपासाठी गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट एवढाच जोर धरला होता. यंत्राने नोंदवला तो गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या जवळ, म्हणजे जवळपास दहापट. धरणाची मापं माहीत, पाण्याची पातळी माहीत, धक्का सेकंदासेकंदाला नोंदलेला आणि चिरा कुठे पडल्या ते डोळ्यांनी बघितलेलं, हे चारही एकत्र जगात फार कमी ठिकाणी मिळतं. बर्कलेचे प्राध्यापक अनिल चोप्रा यांनी सत्तरच्या दशकात त्यावर काम केलं, की तो उतार बदलतो तिथेच ताण एवढा का वाढला. आणि तेव्हापासून जगात कुठेही कुणी काँक्रिटच्या चिरांचं मॉडेल सॉल्व्हरमध्ये घातलं की ते खरं आहे का हे बघायला कोयनेचं धरण चालवून बघतात. चीनमध्ये, युरोपात, अमेरिकेत. नामांकित सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये कोयनेचं उदाहरण आहे. मी पहिल्यांदा आमच्या टेस्टच्या यादीत कोयना हे नाव बघितलं तेव्हा मला जे वाटलं ते मी कुणाला नीट सांगू शकले नाही, कारण आजूबाजूच्या टीममेटना ती नुसती एक फाइल होती.

हे मी का सांगतेय, तर मागच्या वर्षी मला कोकणातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बोलायला बोलावलं होतं, कॉलेजचं नाव लिहीत नाही. सिव्हिलचं शेवटचं वर्ष, वर्ग भरलेला. मी विचारलं कोयना धरण कशासाठी जगात प्रसिद्ध आहे, तर वीज, पाणी, भूकंप इथपर्यंत उत्तरं आली, पण आपल्या उशाशी असलेलं हे धरण जगभरातल्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेतं हे एकालाही माहीत नव्हतं. यात पोरांचा काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. न्यूमेरिकल मेथड्स (कॉम्प्युटरवर गणित सोडवायच्या पद्धती) या विषयाचं पोरांचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही, बघितलं तर प्रोग्राम सगळ्यांचा अक्षर न अक्षर सारखा, म्हणजे फळ्यावरून उतरवलेला. ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर लॅबमध्ये होतं, पण बटणं कुठली दाबायची तेवढंच शिकवलेलं. आत काय चालतं हे कुणी उघडून दाखवलेलं नाही. एका मुलीने मात्र तास संपल्यावर येऊन विचारलं, "मॅडम, मेश बारीक केला की कोपऱ्यात स्ट्रेस वाढतच जातो, थांबतच नाही, माझं काय चुकतंय?" तिचं काहीच चुकत नव्हतं. आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यात गणिताप्रमाणे स्ट्रेस अनंताकडे जातो, मेश जितका बारीक तितका आकडा मोठा. खऱ्या वस्तूत कोपरा थोडा तरी गोल असतो म्हणून तसं होत नाही. हा प्रश्न जिला स्वतःहून पडला ती मुलगी उद्या आमच्यासारख्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून उपयोगाची आहे. तिला तिच्या घरचे सांगत होते की सिव्हिल झालंय आता एमपीएससी दे. एमपीएससी द्यावी की, चांगलीच गोष्ट आहे, पण दुसरी वाट आहे हे माहीत असून द्यावी.

सॉफ्टवेअर महाग आहे म्हणून शिकता येत नाही हे कारण आता राहिलेलं नाही. फ्रीकॅड, कॅल्क्युलिक्स, ओपनसीस, ओपनफोम ही सगळी फुकट आहेत आणि त्यांचा कोड उघडा आहे, कुणीही आत जाऊन वाचू शकतं. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प अशाच फुकट सॉफ्टवेअरसाठी आहे, तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून ऐकायला मिळणारे धडे आहेत. आपल्या इस्रोने तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात फीस्ट नावाचं स्वतःचं फायनाइट एलिमेंटचं सॉफ्टवेअर बनवलंय, म्हणजे हे काम फक्त परदेशी कंपन्या करतात असंही नाही. साध्या लॅपटॉपवर पायथनमध्ये एका ट्रसचा (त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांच्या सांगाड्याचा) प्रोग्राम स्वतः लिहिला, हाताने सोडवलेल्या उत्तराशी ताडून बघितला, मग बीमचा (तुळईचा), मग पत्र्याचा, एवढं जरी पोराने दोन वर्षांत केलं तरी इंटरव्ह्यूत तो उठून दिसतो. आमच्याकडे इंटरव्ह्यू घेताना मी नेहमी एकच विचारते, तुझं उत्तर बरोबर आहे हे तुला कशावरून कळलं. बहुतेक जण इथे अडकतात. 'प्रोग्राम एरर न देता चालला' असं सांगतात. चालणं आणि बरोबर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला उमगलंय तो पुढचं सगळं शिकतो.

एआयबद्दल पण दोन शब्द, कारण काकांनी तेही विचारलं होतं की आता कोड तर मशीनच लिहितं ना. लिहितं, आम्ही पण वापरतो आणि बरंच चांगलं लिहितं. पण मी त्याला एका एलिमेंटचा कोड लिहायला सांगितला तर तो चालणारा कोड देतो, आकडे पण पटण्यासारखे येतात, आणि बीम वाकवला की तो खऱ्यापेक्षा कितीतरी ताठ निघतो. याला आमच्यात शिअर लॉकिंग म्हणतात, जुना ओळखीचा प्रश्न आहे. ज्याला बीम किती वाकायला हवा हे माहिती आहे त्याला ते बघताक्षणी कळतं. ज्याला नाही, त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे आकडा. म्हणून मला उलट वाटतं की मेकॅनिक्स येणाऱ्याची किंमत इथून पुढे वाढणार आहे.

या नोकरीत अवघड काय आहे तेही लिहिते, नाहीतर मी जाहिरात करतेय असं वाटेल. जागा कमी असतात, मोठ्या आयटी कंपन्यांसारखी शेकड्याने भरती होत नाही. सुरुवातीला शिकायला फार वेळ लागतो, वर्षभर माणसाला वाटत राहतं की मला काहीच येत नाही, आणि बरोबरीचे मित्र तोपर्यंत दुसरीकडे उडी मारून पगार वाढवून घेतात. जे बनवतो ते घरच्यांना दाखवता येत नाही. ग्राहक जगभर पसरलेले, त्यामुळे संध्याकाळचे कॉल असतात. सगळे पेपर इंग्रजीत, गणिताने भरलेले, एकेक पान वाचायला दिवस जातो. पण एकदा रुजलं की माणूस हलत नाही, आमच्याकडे केस पिकलेले डेव्हलपर आहेत आणि त्यांचा मान सगळ्यात जास्त आहे, बाकी सॉफ्टवेअरच्या जगात असं क्वचित दिसतं. कोकणातून काम करताना माझी अडचण एवढीच की पावसाळ्यात लाइट आणि इंटरनेट कधी जाईल सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे कित्येकांची ऑफिसं, दुकानं, कॉम्प्युटर सगळं गाळात गेलं ते तुमच्या पेपरात आलंच होतं. आता मी यूपीएस ठेवते, दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट ठेवते आणि मोठी मॉडेलं पुण्याच्या सर्व्हरवर चालवते, काम होतं. म्हणजे हे काम करायला गाव कायमचं सोडावंच लागतं असं नाही, निदान काही वर्षं बाहेर शिकून झाल्यावर तरी.

अजून एक गोष्ट जी मला मनापासून वाटते. आपली अर्धी घरं, गडगे, विहिरी जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. सॉफ्टवेअरमध्ये स्टीलचे, काँक्रिटचे गुणधर्म तयार मिळतात, जांभ्याचे कुणी तयार देत नाही. एका खाणीचा जांभा दुसऱ्या खाणीसारखा नसतो, ओला आणि सुका यात फरक पडतो, हवेत राहून तो घट्ट होतो हे आपल्या गवंड्यांना पिढ्यान् पिढ्या माहिती आहे. हे मोजून, नोंदवून ठेवणं कुणाचं काम आहे? कोकणातल्या कॉलेजांचंच ना. रत्नागिरीत, देवरुखला, लोणेऱ्याला, मालवणात तंत्रशिक्षण मिळतं, बहुतेक ठिकाणी चिरा दाबून फोडायचं मशीन असतंच. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट दरवर्षी होतात आणि बहुतेक कपाटात जातात. त्याऐवजी दरवर्षी थोड्या थोड्या खाणींचा चिरा आणून फोडून आकडे लिहून ठेवले, ओला-सुका दोन्ही, आणि त्यावर पोरांनी स्वतःच एक भिंत मॉडेल करून बघितली तर काही वर्षांत आपल्याकडे असं काही जमा होईल जे बाहेरच्या कुणाकडे नाही, आणि ते जमवताना त्या पोरांना मटेरियल, मेकॅनिक्स आणि प्रोग्रामिंग तिन्ही येईल. याला मोठा निधी लागत नाही. एखाद्या विभागप्रमुखाने मनावर घेतलं की होतं.

काकांच्या मुलाला मी सिव्हिल घे म्हणून सांगितलंय, सोबत पहिल्या वर्षापासून पायथन आणि रोज थोडं गणित, या अटीवर. त्याने मान वर करून विचारलं, "ताई, कोयनेची फाइल मला पण चालवता येईल?" येईल, मापं उघडी आहेत, सॉफ्टवेअर फुकट आहे, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं बसणार आहोत.

आपल्याला विनंती अशी की पुढच्या वर्षीच्या पुरवणीत ब्रँचची यादी देताना मेकॅनिकल आणि सिव्हिलखाली ही वाट पण लिहा, सोबत ती फुकटची सॉफ्टवेअरची नावं द्या, आणि एखाद्या कॉलेजने जांभ्याचं काम सुरू केलं तर त्याची बातमी करा, पहिल्या पानावर नसली तरी चालेल. चिपळूण-गुहागर-खेडकडच्या कुठल्याही कॉलेजला शनिवारी येऊन लॅबमध्ये पोरांसोबत बसायची माझी तयारी आहे, मानधन नको, फक्त प्रोजेक्टर आणि चालू कॉम्प्युटर हवेत. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवलाय, कुणी विचारलं तर त्यांना द्यावा. पत्राखाली मात्र नाव छापू नये.

आपली,
एक वाचक, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी